कालचा सामना विसरणारा संघ

२०१९ सालच्या ३ जानेवारीला सकाळी नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी स्पर्धेच्या गुणतक्त्यात ३१ संघांपैकी ३१व्या क्रमांकावर सेंट लुईस ब्लूज हा आमच्या शहराचा संघ होता. निम्मा हंगाम उलटत आला होता. ३७ सामन्यांपैकी जेमतेम १५ जिंकले होते आणि खात्यावर ३४ गुण जमले होते. त्याच वर्षी १२ जूनच्या रात्री, बॉस्टनच्या संघाला बॉस्टनमध्येच सातव्या सामन्यात हरवून, या संघाने लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनली करंडक उचलला. या पाच महिन्यांविषयी बोलताना लोक सर्रास ‘चमत्कार’ हा शब्द वापरतात. त्या वर्षीचे बहुतेक सगळे सामने मी पाहिले किंवा ऐकले होते, आणि मला तो शब्द तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. चमत्काराला कारण लागत नाही. या संघाच्या यशाला कारणे होती आणि ती दर दोन-तीन दिवसांनी बर्फावर उघड दिसत होती.

मी मूळची कोल्हापूरची. बाबांचा हात धरून शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने पाहत मोठी झाले. त्यामुळे एखाद्या पेठेने एखादा संघ आपल्या घरातलाच मानावा, तो हरला की त्या रात्री घरात कोणी मोठ्याने बोलू नये, या गोष्टी मला नव्या नव्हत्या. नवा होता तो बर्फ. सेंट लुईसला आल्यावर मुलीला स्केटिंगच्या वर्गाला नेता नेता मी आइस हॉकी पाहू लागले, आणि खेळातले जे कळत नसे ते शेजारच्या आजोबांना विचारू लागले. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांनीच मला शिकवले की या खेळात पकच्या, म्हणजे चेंडूच्या जागी असलेल्या रबरी चकतीच्या, मागे डोळे पळवण्यापेक्षा पक नसलेले खेळाडू काय करतात ते पाहावे. गोलरक्षक सोडून प्रत्येक संघाचे पाच जण बर्फावर असतात, त्यांचा दम पाऊण-एक मिनिटात संपतो, आणि मग खेळ चालू असतानाच ते कठड्यावरून बाकाकडे जातात व दुसरे उतरतात. ही अदलाबदल कोण केव्हा करतो यावर अनेकदा सामना फिरतो. हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकून घेतले होते. त्याचा अर्थ मला पुढे जूनमध्ये कळला.

आजोबांचे या संघाशी असलेले नाते समजून घ्यायचे तर १९६७ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी लीगने सहा संघांचे एकदम बारा संघ केले, त्यांत ब्लूज एक होता. सहाही नव्या संघांना एकाच गटात ठेवले गेल्यामुळे त्यांतला एक अंतिम फेरीत जाणार हे ठरलेलेच होते, आणि पहिली तिन्ही वर्षे तो मान ब्लूजने मिळवला. स्कॉटी बोमन प्रशिक्षक होते; ग्लेन हॉल आणि जॅक प्लांट यांच्यासारखे दिग्गज गोलरक्षक उतारवयात या संघाकडून खेळले. पण अंतिम फेरीत १९६८ आणि १९६९ साली माँट्रियलने आणि १९७० साली बॉस्टनने त्यांना सरळ चार सामन्यांत हरवले. तीन अंतिम फेऱ्या, बारा सामने, एकही विजय नाही.

त्यांतला बारावा सामना हॉकी पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, मात्र तो ब्लूजमुळे नव्हे. १० मे १९७० रोजी जादा वेळेच्या, म्हणजे पहिला गोल होताच सामना संपतो त्या वेळेच्या, चाळिसाव्या सेकंदाला बॉबी ऑर याने गोल केला आणि त्याच क्षणी ब्लूजच्या बचावपटूने त्याचा पाय अडकवल्याने तो हात पसरून हवेत आडवा झाला. त्या क्षणाचे छायाचित्र या खेळातले सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र मानले जाते, आणि बॉस्टनच्या क्रीडागृहाबाहेर त्याच मुद्रेतला ऑरचा पुतळा उभा आहे. दुसऱ्याच्या शहरात आपल्या पराभवाचा पुतळा असावा, याची बोच मला आजोबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसली. तो गोल त्यांनी सोळाव्या वर्षी घरी टीव्हीवर पाहिला होता.

त्यानंतरच्या ४९ वर्षांत संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला नाही. तो वाईट होता असेही नाही. १९८० ते २००४ असा सलग पंचवीस हंगाम तो बाद फेरीत गेला, आणि ब्रेट हल याने एका हंगामात ८६ गोल केले तोही याच संघाकडून. १९८३ साली मालकांनी हात झटकले आणि संघ कॅनडातल्या सॅस्काटून शहरात जायच्या बेतात होता, तो लीगने परवानगी नाकारल्यामुळे राहिला. दर वसंत ऋतूत आशा वाढायची आणि एप्रिल-मेमध्ये ती मोडायची. २०१६ साली अमेरिकन फुटबॉलचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला निघून गेल्यावर तर शहराला आपण टाकले गेल्यासारखे वाटत होते. थोडक्यात, या संघाच्या चाहत्यांना सगळे आठवत होते. कोणत्या वर्षी कोणाचा फटका खांबाला लागला, हे आजोबा तारखेसह सांगत.

२०१८ च्या उन्हाळ्यात व्यवस्थापक डग आर्मस्ट्राँग यांनी बरीच भरती केली. बफलोकडून रायन ओ’रायली हा मध्य आघाडीपटू आणला. बफलो त्या वर्षी लीगमध्ये शेवटचा आला होता आणि सततच्या हरण्याने आपले खेळावरचे प्रेमच आटू लागले आहे, असे ओ’रायलीने हंगामाच्या शेवटी सगळ्यांसमोर सांगितले होते. डेव्हिड पेरॉन परत आला, टायलर बोझॅक आला. पॅट मरून हा सेंट लुईसचाच मुलगा. आपल्या लहानग्या मुलाजवळ राहता यावे म्हणून तो एका वर्षाच्या करारावर घरी आला. एवढे होऊनही संघ जमेना. १९ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसकडून ०-२ असा पराभव झाला आणि त्याच रात्री प्रशिक्षक माइक यो यांना काढून क्रेग बेरुबे यांच्याकडे तात्पुरती सूत्रे देण्यात आली. डिसेंबरमध्ये सराव चालू असताना रॉबर्ट बोर्टुझो आणि झॅक सॅनफर्ड या संघातल्याच दोघांची मारामारी झाली आणि तिचे चित्रण सगळीकडे फिरले. ते पाहून आजोबांनी तीन दिवस रेडिओ लावला नव्हता.

बेरुबे स्वतः हजारांहून अधिक सामने खेळलेले, अंगावर घेऊन खेळणारे जुने खेळाडू. त्यांनी नवीन काय केले, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन की त्यांनी खेळ साधा केला. पक प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या कोपऱ्यात टाकायचा, त्याच्यामागे जोराने जायचे, त्यांच्या बचावपटूंना प्रत्येक वेळी अंगाला अंग भिडवूनच पक सोडवायला लावायचे, आणि हे एका फळीने नव्हे तर आळीपाळीने उतरणाऱ्या चारही फळ्यांनी साठ मिनिटे करायचे. सामन्याच्या तीन सत्रांपैकी पहिल्यात त्याचा परिणाम दिसत नाही. तिसऱ्या सत्रात समोरच्यांचे पाय जड होतात. कुस्तीच्या आखाड्याजवळ वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही एक जागा रिकामी होती, ती गोलपोस्टसमोरची. जॉर्डन बिनिंग्टन याला ब्लूजने २०११ सालीच नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या फेरीत निवडले होते, पण त्यानंतरची वर्षे त्याने खालच्या दर्जाच्या संघांत काढली. २०१७-१८ च्या हंगामात तर ब्लूजकडे त्याला खेळवायला स्वतःचा दुय्यम संघच नसल्याने तो प्रॉव्हिडन्सला, म्हणजे बॉस्टनच्या दुय्यम संघात, उसना दिला गेला होता. हंगाम सुरू झाला तेव्हा संघाच्या हिशेबात तो चौथ्या क्रमांकाचा गोलरक्षक होता. ७ जानेवारीला फिलाडेल्फियामध्ये त्याला लीगमधला पहिला सामना सुरुवातीपासून खेळायला मिळाला, आणि २५ फटके अडवून, एकही गोल न खाता, त्याने तो ३-० असा जिंकून दिला. आदल्या रात्री त्याच शहरातल्या एका बारमध्ये संघातल्या काही जणांनी ‘ग्लोरिया’ हे १९८२ सालचे गाणे आणि त्यावर बेभान होणारे लोक पाहिले, आणि यापुढे जिंकलो की हेच लावायचे असे ठरवले. पुढच्या महिन्यांत ते गाणे आमच्या किराणा दुकानातसुद्धा वाजत असे.

बिनिंग्टनला पाहताना मला सर्वांत जास्त काय भावले असेल तर त्याचा निर्विकारपणा. गोल खाल्ला तरी तो पाण्याचा घोट घेई, मान हलवी आणि पुन्हा जागेवर उभा राही. चांगला सामना झाला तरी तेच. २३ जानेवारीपासून ब्लूजने सलग अकरा सामने जिंकले, जो संघाच्या इतिहासातला विक्रम ठरला. त्यांत लीगमध्ये अव्वल असलेल्या टँपा बेच्या घरी जादा वेळेत १-० असा मिळवलेला विजयही होता. हंगाम संपला तेव्हा ब्लूजचे ९९ गुण झाले होते आणि गटात पहिल्या आलेल्या नॅशव्हिलचे १००. तळापासून वरपर्यंतचे हे अंतर एका उडीत कापलेले नव्हते, म्हणूनच मला चमत्कार हा शब्द खटकतो. प्रत्येक सामन्याचे दोन गुण वेगळे कमवावे लागले होते.

बाद फेरीत चार मालिका असतात, प्रत्येक मालिकेत सातपैकी चार सामने जिंकावे लागतात. पहिल्या मालिकेत विनिपेगविरुद्ध पाचव्या सामन्यात अखेरची पंधरा सेकंद उरली असताना जेडन श्वार्ट्झने गोल करून विजय मिळवून दिला आणि सहाव्या सामन्यात संघाचे तिन्ही गोल त्यानेच केले. तेवढ्यावर ती मालिका संपली.

डॅलसविरुद्धची मालिका मात्र मी विसरू शकत नाही. सातवा सामना ७ मे रोजी आमच्या शहरात झाला. पहिल्या सत्रात १-१ अशी बरोबरी झाली आणि मग दुसरे सत्र, तिसरे सत्र, जादा वेळेचे पहिले सत्र असे सगळे सरले तरी कोणालाच गोल होईना. डॅलसचा गोलरक्षक बेन बिशप हा सेंट लुईसमध्येच वाढलेला. त्याने त्या रात्री ५२ फटके अडवले. आजोबा टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओवरचे समालोचन ऐकत, आणि टीव्हीवरचे चित्र रेडिओच्या काही सेकंद मागे असे. दुसऱ्या जादा सत्राच्या सहाव्या मिनिटाला आधी रेडिओ ओरडला, मग आम्ही पाहिले: एकोणीस वर्षांच्या रॉबर्ट थॉमसचा फटका खांबाला आणि तिथून बिशपच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लागून त्याच्या पाठीमागे पडला, आणि घरी परतलेल्या पॅट मरूनने तो नुसता आत ढकलला. प्रेक्षकांत बसलेला त्याचा मुलगा रडत होता. माझी मुलगीही रडत होती, आणि का रडते आहेस असे मी तिला विचारले नाही.

सॅन होजेविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात जे घडले ते खरे म्हणजे कोणत्याही संघाला मोडून टाकण्याजोगे होते. जादा वेळेत सॅन होजेच्या टिमो मायरने पक हाताने पुढे ढकलला, जे नियमाबाहेर आहे, आणि तो तसाच पुढे जाऊन एरिक कार्लसनने गोल केला. चार पंचांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही, आणि त्या प्रकारची चूक चित्रफितीवर तपासण्याची तेव्हाच्या नियमांत सोय नव्हती. शहर पेटून उठले. आमच्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी दुसरा विषय नव्हता, आणि पन्नास वर्षांच्या जुन्या तक्रारींत आणखी एकीची भर पडली असे सगळे धरून चालले. बेरुबे यांनी मात्र पत्रकारांसमोर त्यावर बोलणे टाळले, आणि खेळाडूंनाही तो विषय तिथेच सोडायला लावला. पुढचे तिन्ही सामने ब्लूजने जिंकले, २-१, ५-० आणि ५-१. त्या तीन सामन्यांत सॅन होजेला दोनच गोल करता आले. माझ्या मते या संघाला करंडक मिळाला तो खऱ्या अर्थाने त्या आठवड्यात. त्यांच्यावर अन्याय झाला होता आणि त्यांनी तो मनात धरून ठेवला नाही.

अंतिम फेरीत समोर बॉस्टन होते, तेच ते बॉस्टन. पहिला सामना तिथे २-४ असा हरला. दुसऱ्यात कार्ल गुनरसन या शांत स्वीडिश बचावपटूचा फटका नियमित वेळेत खांबाला लागला होता; जादा वेळेआधीच्या विश्रांतीत, आणखी एक संधी मिळाली तर पुरे, असे तो प्रशिक्षकांना सांगून आला आणि चौथ्या मिनिटाला त्याने गोल केला. अंतिम फेरीतल्या चौदाव्या सामन्यात संघाचा हा पहिला विजय. तिसरा सामना घरी, ४९ वर्षांनी शहरात झालेला अंतिम फेरीचा सामना, आणि त्यात २-७ असा दारुण पराभव; १९ फटक्यांत पाच गोल खाल्ल्यावर बिनिंग्टनला बाहेर घ्यावे लागले. दोन दिवसांनी तोच बिनिंग्टन त्याच जागी उभा राहिला आणि सामना ४-२ असा जिंकला. पाचवा बॉस्टनमध्ये २-१ असा जिंकला. त्या सामन्यात दुसऱ्या गोलाआधी आमच्या बोझॅकने बॉस्टनच्या खेळाडूला पाडले होते आणि पंचांनी ते सोडून दिले, हेही इथे नोंदवले पाहिजे. सॅन होजेच्या हाताबद्दल बोलायचे तर हेही बोलावे लागते. सहावा सामना घरी. जिंकला असता तर करंडक शहरातच मिळाला असता, पण तो १-५ असा हरला.

त्या रात्री आजोबा म्हणाले, “झालं. हे मी आधी पाहिलंय.” मी त्यांच्याशी वाद घालायला गेले नाही, पण घरी येऊन कागदावर आकडे मांडले. बाद फेरीत संघ तोवर दहा सामने हरला होता. त्यांतल्या पहिल्या नऊ पराभवांनंतर लगेचचा सामना त्याने सात वेळा जिंकला होता. परक्या शहरांत बारापैकी नऊ विजय होते. उलट घरी तेरापैकी सहाच. हे आकडे पाहून मला जे वाटले ते असे की घरी खेळताना पन्नास वर्षांच्या आठवणींचे ओझे प्रेक्षकांतून खाली बर्फावर उतरत असावे, आणि बाहेर गेल्यावर या मुलांना फक्त त्या दिवशीचा सामना दिसत असावा. हा माझा तर्क आहे, पण मी त्याच्यावर ठाम आहे.

१२ जूनला पहिल्या सत्रात बॉस्टनने बारा फटके मारले आणि बिनिंग्टनने बाराही अडवले. ब्लूजचे फटके चारच. सतराव्या मिनिटाला जे बोमीस्टरच्या फटक्याला ओ’रायलीने वाटेत स्टिक लावून दिशा बदलली आणि पहिला गोल झाला. हंगामाच्या या टप्प्यावर त्याची बरगडी तडकलेली होती, हे आम्हाला नंतर कळले. तरी अंतिम फेरीत सलग चौथ्या सामन्यात त्याने गोल केला होता. मग सत्र संपायला काही सेकंद असताना बॉस्टनचा ब्रॅड मार्चंड बदलीसाठी बाकाकडे वळला. आजोबा खुर्चीतून पुढे झुकले. त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेत कर्णधार अ‍ॅलेक्स पिएट्रँजेलो शिरला, श्वार्ट्झने त्याला पक दिला, आणि आठ सेकंद उरली असताना त्याने तो बॉस्टनचा गोलरक्षक टुका रास्क याच्या वरून आत घातला. आम्ही तो गोल आधी ऐकला आणि मग पाहिला, आणि त्या दोन-तीन सेकंदांत आजोबांनी माझा हात किती घट्ट धरला होता ते मला अजून आठवते.

तिसऱ्या सत्रात बिनिंग्टनने बॉस्टनच्या नॉर्डस्ट्रॉमचा अगदी जवळून मारलेला फटका पाय ताणून अडवला; तो आत गेला असता तर काय झाले असते याचा विचार मी आजही करत नाही. थोड्याच वेळात ब्रेडन शेनने तिसरा गोल केला आणि मग चौथा केला तो सॅनफर्डने, डिसेंबरात सरावात मारामारी करणाऱ्या दोघांपैकी एकाने. अखेरीस ४-१. बिनिंग्टनने ३२ फटके अडवले होते आणि बाद फेरीतला त्याचा हा सोळावा विजय, म्हणजे नवख्या गोलरक्षकाचा विक्रम. सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक ओ’रायलीला मिळाला. बॉस्टनचा कर्णधार झ्डेनो चारा मोडलेल्या जबड्याने खेळला होता, आणि हस्तांदोलनाच्या रांगेत त्याच्याकडे पाहताना मला वाईट वाटले. पिएट्रँजेलोने करंडक उचलून सर्वांत आधी दिला तो पस्तीस वर्षांच्या बोमीस्टरकडे, जो हजारांहून जास्त सामने या एका क्षणाची वाट पाहत खेळला होता.

१५ जूनला मार्केट स्ट्रीटवरून मिरवणूक निघाली. आम्ही सकाळीच जाऊन रस्त्याच्या कडेला जागा धरली. आजोबांनी निळा सदरा घातला होता आणि त्यांना खेळाडूंपेक्षा एका वेगळ्याच माणसाला पाहायचे होते. बॉब प्लेगर १९६७ च्या पहिल्या संघात बचावपटू होते, त्या तिन्ही पराभूत अंतिम फेऱ्या त्यांनी खेळल्या होत्या, निवृत्तीनंतरही ते याच शहरात आणि याच संघाच्या कामात राहिले, आणि मार्केट स्ट्रीटवरून मिरवणूक निघालेली पाहायची आहे, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले होते. २०२१ च्या मार्चमध्ये ते अपघातात गेले. पण त्या दिवशी ते मिरवणुकीत होते. ते समोर आले तेव्हा आजोबांनी हात उंचावून त्यांना पहिल्या नावाने हाक मारली. एवढ्या गर्दीत ती ऐकू जाणे शक्य नव्हते. आजोबांनी पुन्हा हाक मारली, आणि मग माझ्या मुलीनेही.